ध्रुवावरचा प्रकाश आणि कुलाब्याची नोंदवही

मालाडच्या पश्चिमेस मार्वेच्या किनाऱ्यावर उभे राहून उत्तरेकडे रात्रभर पाहिले, तरी ध्रुवीय प्रकाश दिसावयाचा नाही. मालाडचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. नॉर्वे, आइसलँड, कॅनडाचा उत्तर भाग किंवा अंटार्क्टिका या प्रदेशांत मात्र हिवाळ्याच्या दीर्घ रात्री आकाशात हिरवे, तांबडे, जांभळट पडदे हेलकावत असल्यासारखा प्रकाश दिसतो. त्याचा आपल्या जीवनाशी काही संबंध असेल, असे उपनगरात राहणाऱ्यास किंवा कोकणातील ग्रामस्थास सहसा वाटत नाही. तथापि या प्रकाशाचे मूळ ज्या घडामोडींत आहे, त्या साऱ्या पृथ्वीला वेढणाऱ्या असतात. त्यांतील आजवरच्या अत्यंत तीव्र अशा एका घटनेचे सर्वांत मोलाचे मोजमाप मालाडहून लोकलने तासाभराच्या वाटेवर असलेल्या मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत झाले आहे. ध्रुवावरील प्रकाश समजून घेण्यासाठी म्हणूनच मुंबईची एक जुनी नोंदवही उघडणे उपयुक्त ठरते.

सूर्याकडून वाहणारा वारा

सूर्याच्या दृश्य पृष्ठाबाहेर अतिशय विरळ व अतिशय तप्त असे एक आवरण आहे. खग्रास ग्रहणाच्या वेळी ते मोत्यासारख्या शुभ्र प्रभेच्या रूपाने दिसते. त्यास किरीट असे म्हणतात. किरीटाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याने तेथील वायूचे अणू फुटून विद्युत् भारित कण मोकळे होतात. हे कण सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला न जुमानता सर्व दिशांना सतत बाहेर पडत असतात. या प्रवाहालाच सौरवात हे नाव आहे. त्यात मुख्यत्वे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात.

या वाऱ्याचा वेग सामान्यतः सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे सुमारे १५ कोटी किलोमीटरचे अंतर तो साधारणपणे दोन ते पाच दिवसांत तोडतो. त्याची घनता मात्र अगदीच कमी, म्हणजे पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरमध्ये सरासरी पाच-दहा कण एवढीच असते. आपण ज्याला निर्वात म्हणतो त्याहूनही हा वारा विरळ आहे. त्याचे सामर्थ्य त्याच्या वेगात, आणि त्याने सूर्यापासून आपल्याबरोबर ओढून आणलेल्या चुंबकी क्षेत्रात आहे.

असा वारा अखंड वाहत असला पाहिजे, हे अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडले. त्यांचा निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांनी तो प्रसिद्ध करू नये असे मत दिले होते. त्या नियतकालिकाचे संपादक होते डॉ. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. निष्कर्ष त्यांनाही पटला नव्हता. परंतु गणितात चूक सापडत नाही हे पाहून त्यांनी निबंध छापला. पुढे १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाने प्रवासभर हा वारा प्रत्यक्ष मोजला आणि वादावर पडदा पडला.

पृथ्वीचे चुंबकी कवच

एका पट्टीचुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरविला, तर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानींच्या आकारात मांडला जातो, हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. पृथ्वीच्या उदरातील वितळलेल्या लोहद्रवामुळे पृथ्वीलाही असेच चुंबकी क्षेत्र लाभले असून त्याच्या बलरेषा ध्रुवप्रदेशांतून बाहेर पडून अवकाशात दूरवर कमान करतात. सौरवात या क्षेत्रावर आदळतो तेव्हा ते सूर्याकडील बाजूस दबते आणि विरुद्ध बाजूस लांब शेपटीसारखे ओढले जाते. सूर्याकडील बाजूस या कवचाची सीमा सामान्यतः ६० ते ७० हजार किलोमीटरवर असते. शेपटी मात्र चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जाते. या साऱ्या प्रदेशास चुंबकांबर असे म्हणतात. नदीच्या पात्रातील खडकाला वळसा घालून पाणी जावे, तसा बहुतेक सौरवात या कवचाला वळसा घालून निघून जातो.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सूर्याकडून आलेले कण थेट ध्रुवांवर उतरतात आणि प्रकाश पडतो, असे अनेक पुस्तकांत थोडक्यात सांगितलेले असते. प्रत्यक्ष क्रम याहून लांबचा आहे. सौरवाताबरोबर येणाऱ्या चुंबकी क्षेत्राची दिशा कधी उत्तरेकडे तर कधी दक्षिणेकडे असते. ती दक्षिणेकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तेव्हा दोन्हींच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. कवचाचे दार जणू उघडते आणि सौरवाताची ऊर्जा चुंबकांबराच्या शेपटीत साठू लागते. हा साठा फार वाढला की शेपटीतील ताणलेल्या बलरेषा रबरासारख्या पृथ्वीकडे झेप घेतात. या उलथापालथीत इलेक्ट्रॉनांना मोठा वेग मिळतो आणि बलरेषांच्या वाटेने ते पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूकडील उच्च वातावरणात शिरतात. या बलरेषा ज्या ठिकाणी वातावरणाला टेकतात, त्यांचे चुंबकी ध्रुवाभोवती एक कडे तयार होते. ध्रुवीय प्रकाश नेमक्या ध्रुवबिंदूवर न दिसता त्याभोवतीच्या या कड्यात दिसतो, याचे कारण हेच.

रंग कोठून येतात?

पूर्वी बाजारपेठांतील दुकानांच्या पाट्यांवर निऑनच्या नळ्यांचा तांबडा प्रकाश झगमगत असे. नळीत विरळ वायू भरून त्यातून वीज सोडली की तो वायू आपल्या ठरावीक रंगाने उजळतो. ध्रुवीय प्रकाशातही तत्त्व तेच. नळीच्या जागी मात्र संपूर्ण आकाश असते. वेगाने आलेले इलेक्ट्रॉन हवेतील अणुरेणूंवर आदळून त्यांना उत्तेजित करतात आणि ते अणुरेणू आपली वाढीव ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात.

सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूपासून परिचित हिरवा रंग मिळतो. तांबडा रंगही ऑक्सिजनचाच. पण तो २०० किलोमीटरच्या वर निर्माण होतो. तांबडा प्रकाश देण्यास उत्तेजित अणूला दीड-दोन मिनिटांचा अवधी लागतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याची इतर रेणूंशी टक्कर होते आणि ऊर्जा प्रकाशाविनाच निघून जाते. वरच्या विरळ हवेत त्याला हवी ती सवड मिळते. कड्याच्या खालच्या किनारीस दिसणारी निळसर, जांभळट किंवा गुलाबी छटा नायट्रोजनची असते.

तांबडा प्रकाश उंचावर असतो, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. डोंगरमाथ्यावरील गडावर पेटवलेला जाळ पायथ्याच्या दिव्यापेक्षा कितीतरी दूरवरून दिसतो. त्याचप्रमाणे मोठ्या चुंबकी वादळात ध्रुवीय प्रकाशाचे कडे विषुववृत्ताच्या दिशेने सरकते, तेव्हा दक्षिणेकडील लोकांना क्षितिजाजवळ प्रथम दिसते ती तांबडी लाली.

ध्रुवांवरील वातावरणाचे काय होते?

प्रकाश हा या साऱ्या व्यवहाराचा डोळ्यांना दिसणारा अंश होय. न दिसणारा अंश त्याहून मोठा आहे. ध्रुवप्रदेशावरील आयनांबरात, म्हणजे विद्युत् भारित कण असलेल्या वातावरणाच्या थरात, जमिनीपासून सुमारे ११० किलोमीटर उंचीवर प्रचंड विद्युत्प्रवाह वाहू लागतात. मोठ्या वादळात त्यांचे मान दहा लाख अँपिअरपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. विजेच्या शेगडीची तार जशी प्रवाहाने तापते, तशी या प्रवाहांनी तेथील हवा तापते. तापलेली हवा फुगून वर चढते आणि चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवरील हवेची घनता नेहमीच्या काही पट होते.

त्या उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांना ही वाढलेली हवा अडथळा करते आणि त्यांची कक्षा खाली घसरते. फेब्रुवारी १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्ये, एका खाजगी अमेरिकन कंपनीने सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह अशाच एका बेताच्या वादळामुळे नष्ट झाले. १९७९ मध्ये 'स्कायलॅब पडणार' या बातमीने आपल्याकडे गावोगावी उडालेली धांदल ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. ती अवकाश प्रयोगशाळा अपेक्षेपूर्वीच खाली येण्यामागे त्या काळात वाढलेली सूर्याची सक्रियता आणि त्यामुळे फुगलेले वातावरण हे प्रमुख कारण होते.

ध्रुवांवर तापलेली हवा तेथेच राहत नाही. तिच्यामुळे उच्च वातावरणात विषुववृत्ताकडे वाहणारे वारे निर्माण होतात आणि काही तासांत ते उष्ण कटिबंधावरील आयनांबरातही खळबळ उडवितात. दुसरीकडे, आत शिरलेल्या कणांमुळे नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होते. हा वायू उष्णता अवकाशात उत्सर्जित करून तापलेल्या थराला पुन्हा थंड करण्यास हातभार लावतो. ध्रुवावरील दीर्घ हिवाळी रात्रीत तो हळूहळू खाली उतरला, तर मात्र वरच्या भागातील ओझोनचा काही प्रमाणात नाश करतो. म्हणजे एकच वायू एका ठिकाणी उपकारक तर दुसऱ्या ठिकाणी अपायकारक ठरतो.

कुलाब्याचे लोहचुंबक

मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि खगोलीय वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राची मोजणी सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लीबार यांच्या देखरेखीखाली हे काम चाले. त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केलेल्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे एक होते. पुढे पुण्यास गणिताचे प्राध्यापक म्हणून नावाजलेले आणि लोकमान्य टिळकांचे गुरू असलेले केरूनाना ते हेच. त्यांच्या वैज्ञानिक जीवनाचा आरंभ या वेधशाळेतील नोंदी घेण्यात झाला.

काम वरकरणी नीरस होते. नाजूक रीतीने टांगलेल्या लोहचुंबकाची किंचितशी हालचाल दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचावयाची आणि आकडा वहीत लिहावयाचा. दर तासाला, दिवसा आणि रात्री, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हा क्रम चाले. आकडे बहुतांश एकसारखेच असत.

१ सप्टेंबर १८५९ रोजी लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्यांना एका डागसमूहावर शुभ्र प्रकाशाचा लखलखाट दिसला. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकी वादळ झाले. क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांतून आपोआप प्रवाह वाहू लागले. मुंबईत त्या वेळी २ सप्टेंबरची सकाळ उलटून दुपार जवळ येत होती. सूर्य वर असल्याने आकाशात काहीही दिसणे शक्य नव्हते. शहरातील व्यवहार नेहमीप्रमाणे चालू असताना कुलाब्याच्या लोहचुंबकाने मात्र ते वादळ टिपले. चुंबकी क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग अल्पावधीत सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. मुंबईत या भागाचे एकूण मूल्य ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे घसरण सुमारे चार टक्क्यांची होती असे दिसते. साध्या होकायंत्राला एवढा फरक कळत नाही. परंतु नित्याचे मोठे वादळ एक-दोनशे नॅनोटेस्लांचे असते, यावरून या घटनेची तीव्रता ध्यानात यावी.

ध्रुवांपासून इतक्या दूर ही घसरण का व्हावी? वादळाच्या काळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर अंतरावर, भारित कणांचा एक वलयाकार प्रवाह बळावतो. त्याचे चुंबकी क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्याने उष्ण कटिबंधातील वेधशाळांना क्षेत्र कमी झाल्याचे आढळते. ध्रुवांजवळच्या वेधशाळांत आकाशातील प्रवाहांचा गोंधळ इतका असतो की, वलयप्रवाहाचे माप तेथे घेता येत नाही. कुलाब्याचे स्थान नेमके अनुकूल होते. युरोपातील काही यंत्रांच्या नोंदी मोजपट्टीबाहेर गेल्या. कुलाब्याची नोंद टिकली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील डॉ. गुरबक्ष लखीना व डॉ. शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह या जुन्या नोंदीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. त्या घसरणीतील किती भाग वलयप्रवाहाचा आणि किती इतर प्रवाहांचा, यावर शास्त्रज्ञांत आजही चर्चा चालू आहे. ती चर्चा होऊ शकते, कारण आकडे उपलब्ध आहेत.

मुंबईच्या आकाशातील लाली

यानंतर बारा-तेरा वर्षांनी, रविवार, ४ फेब्रुवारी १८७२ रोजी, आणखी एक प्रचंड वादळ झाले. या खेपेस भारतावर रात्र होती. मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त तत्कालीन टाइम्स ऑफ इंडियाने दिले. समुद्राखालून जाणाऱ्या तारेवरील संदेशवहनातही त्या वेळी व्यत्यय आला. चुंबकी अक्षांशाचा विचार करता मुंबई चुंबकी विषुववृत्तापासून जेमतेम १० अंशांवर येते. इतक्या जवळून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची उदाहरणे इतिहासात फारच थोडी आहेत. मार्वेहून हा प्रकाश दिसावयाचा नाही, असे आरंभी म्हटले ते नित्याच्या रात्रींपुरते खरे; शतकातून एखादी रात्र त्याला अपवाद ठरू शकते.

१० व ११ मे २०२४ रोजी झालेल्या वादळात लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरील लाल प्रकाश टिपला. दोन दशकांतील ते सर्वांत मोठे वादळ होते. तरी १८५९ च्या तुलनेत ते बरेच सौम्य मानावे लागेल.

ट्रामगाडी आणि अलिबाग

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले. विजेचा प्रवाह जेथे असेल तेथे चुंबकी क्षेत्रही असते. ट्रामच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या नाजूक यंत्रांच्या नोंदी दूषित होणार, हे उघड होते. शहराला ट्राम हवी होती आणि विज्ञानाला अखंड नोंद हवी होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत या पेचावर विचारपूर्वक तोडगा निघाला. चुंबकी वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला हलविण्याचे ठरले.

तेथील इमारतीसाठी स्थानिक काळा दगड वापरण्यात आला नाही. कारण सह्याद्रीच्या या पाषाणात चुंबकी गुण असलेली लोहखनिजे असतात. पोरबंदरचा अचुंबकी दगड निवडण्यात आला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून जुन्या व नव्या आकड्यांचा मेळ घालण्यात आला. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा नोंदींची परंपरा सुरक्षित स्थळी पोहोचलेली होती. डॉ. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. योगायोग असा की, १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळेपर्यंत अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते त्याचेही नाव कुलाबाच होते.

अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत आहे. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाली. तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे. अंटार्क्टिकावरील मैत्री व भारती या भारतीय केंद्रांवरही चुंबकी क्षेत्राची मोजणी केली जाते आणि तेथे हिवाळा काढणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना ध्रुवीय प्रकाश प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. ही केंद्रे चालविणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे.

आपल्याशी संबंध काय?

१८५९ मध्ये सूर्याच्या वादळाने तारायंत्रे बिघडली. आज तसेच वादळ आले तर काय काय बिघडेल, याची यादी मोठी आहे. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. आपल्यासारख्या कमी अक्षांशांच्या देशात वीजवाहिन्यांना असलेला धोका तुलनेने कमी आहे. परंतु उपग्रहांवरील आपले अवलंबन कमी नाही. मढ, मालवणी, भाटी येथील कोळी बांधव समुद्रात दिशा व ठिकाण जाणण्यासाठी उपग्रहाचा आधार घेतात. उपग्रहाकडून येणारा संदेश आयनांबरातून वाट काढीत येतो आणि तेथे खळबळ असली की दाखविलेल्या ठिकाणात चूक पडू शकते. विमानवाहतूक, हवामानाचे अंदाज, दूरसंचार, जमिनीची मोजणी या साऱ्यांना हीच गोष्ट लागू आहे.

या दृष्टीने भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ हे यान सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. सौरवातातील कण आणि त्याचे चुंबकी क्षेत्र मोजणारी उपकरणे त्यावर आहेत. तेथून जाणारा सौरवात पृथ्वीवर पोहोचण्यास वेगानुसार पाऊण ते एक तास, तीव्र वादळात त्याहूनही कमी वेळ लागतो. किनाऱ्यावर वादळाचा बावटा चढविण्यासारखीच ही व्यवस्था आहे. इशारा थोड्याच वेळेचा असला, तरी उपग्रह सुरक्षित स्थितीत ठेवण्यास किंवा वीजजाळ्यावरील भार सांभाळण्यास तो उपयोगी पडतो.

नोंदीचे मोल

सूर्याची सक्रियता सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कमी-अधिक होते. १८५९ सारखे वादळ शतकातून एखादेच येते. पुढचे केव्हा येईल ते सांगता येत नाही. त्याची तीव्रता किती असू शकते, याचा अंदाज बांधताना जगातील शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे वळतात. ते आकडे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला सौरवात हा शब्द ठाऊक असणे शक्य नव्हते. तो सिद्धांत मांडला जाण्यास अद्याप ९९ वर्षे अवकाश होता. त्याला एवढेच ठाऊक होते की ठरल्या वेळी यंत्र पाहावयाचे आणि दिसेल तो आकडा, कितीही विचित्र वाटला तरी, जसाच्या तसा लिहावयाचा.

गावच्या पर्जन्यमापकाचा आकडा, विहिरीच्या पाण्याची पातळी, जन्म-मृत्यूची नोंद, शाळेतील हजेरीपट ही कामे करणाऱ्यांनाही आपले काम अनेकदा नीरस वाटत असेल. त्या आकड्यांचा उपयोग कोणाला आणि केव्हा होईल, हे लिहिणाऱ्यास लिहितेवेळी कळत नाही. म्हणूनच ते खरे असणे आणि खंड न पडता लिहिले जाणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी अलिबागच्या सहलीत विद्यार्थ्यांना समुद्र व किल्ला दाखवितानाच, याच गावात पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राची नोंद शंभराहून अधिक वर्षे अखंड घेतली जात आहे, हेही अवश्य सांगावे.